कपाटांतला कॅमेरा व अवसेची रात्र

आजोबांचा अथवा वडिलांचा फिल्मचा कॅमेरा कातडी पेटींत घालून कपाटाच्या वरच्या खणांत ठेवलेला आहे, अशीं घरें आमच्या विद्यार्थिवर्गांत थोडीं नाहींत. दिवाळीच्या आधीं कपाट आवरतांना तो बाहेर निघतो, कोणी तरी बटन दाबून त्याचा 'खट्' असा आवाज ऐकतो, आणि पुन्हा तो खणांत जातो. विकावयास काढला तर गिऱ्हाईक मिळत नाहीं. टाकून द्यावा तर मन होत नाहीं. अशा या कॅमेऱ्याकडे आमच्या मतें अजून एक काम शिल्लक आहे, व तें दिवसाचें नसून रात्रीचें आहे. ताऱ्यांचे फोटो घेण्यासाठीं तो मुलांच्या हातीं द्यावा, आणि पालकांनीं त्यांस अवसेच्या रात्रीं घराबाहेर पडूं द्यावें, हें सांगण्याकरितां आम्ही हा लेख लिहीत आहों.

आमची सूचना ऐकतांच पहिला प्रश्न येतो तो हा, कीं खिशांतला फोन हेंच काम दहा सेकंदांत करीत असतां ही उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्यास आडवळणाचें उत्तर देण्याची आमची इच्छा नाहीं. मोठमोठ्या वेधशाळांनीं फिल्म व कांचेच्या तबकड्या केव्हांच सोडून दिल्या. त्यांच्या यंत्रांतील इलेक्ट्रॉनिक संवेदक आपणांवर पडलेल्या उजेडापैकीं बहुतेक भागाची नोंद करतो. फिल्म मात्र शंभरांतील एकदोन भागांचीच करते. तेव्हां ज्याला केवळ सुरेख चित्र हवें आहे त्यानें फोन वापरावा, व ज्याला ज्योतिःशास्त्रांत आज नवा शोध लावावयाचा आहे त्यानें संवेदकाचा कॅमेरा वापरावा. आम्ही बोलत आहों तें या दोघांविषयीं नव्हे. ज्याला अजून शिकावयाचें आहे त्याच्याविषयीं बोलत आहों.

सन २०२३ मध्यें घडलेली एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. एका चिकित्सक माणसानें चंद्राचें चित्र मुद्दाम पुसट करून संगणकाच्या पडद्यावर लावलें, खोलींत अंधार केला, आणि एका नामांकित कंपनीच्या फोननें दुरून त्या पडद्याचा फोटो घेतला. पडद्यावरच्या चित्रांत जे बारकावे नव्हतेच, ते फोटोंत स्वच्छ उमटले! चंद्र समोर आहे असें ओळखलें म्हणजे आमची यंत्रणा त्याचे बारकावे आपल्या शिकवणीवरून सुधारते, असा खुलासा पुढें कंपनीनें केला. यांत कांहीं मोठी लबाडी झाली असें आम्ही म्हणत नाहीं. लोकांस सुंदर चंद्र हवा होता, तो त्यांस मिळाला. परंतु चौदा वर्षांच्या मुलानें गच्चीवरून घेतलेला फोटो आईस दाखविला, तर त्यांतील किती भाग त्या रात्रींच्या चंद्राचा व किती पूर्वींच्या हजारों चंद्रांचा, हें त्याला सांगतां येत नाहीं. आणि आमची हरकत आहे ती नेमकी येथें. आपण काय पाहिलें व आपणांस काय दाखविण्यांत आलें, यांतला भेद ज्याला ओळखतां येत नाहीं, त्याचें शिक्षण कोठें तरी अडलें आहे.

फिल्मला चंद्र ठाऊक नसतो. तिच्यावर चांदीच्या क्षारांचा पातळ थर असतो. उजेड पडतो तेथें धुतल्यावर चांदीचा काळा कण राहतो, न पडतो तेथें कांहींच राहत नाहीं. ती खोटें सांगूंच शकत नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. ओरखडा उल्केसारखा दिसतो, धुळीचा कण ताऱ्याचें सोंग घेतो, आणि म्हणूनच ज्योतिर्विद एकाच भागाच्या दोन तबकड्या घेऊन दोहोंवर जें असेल तेंच खरें धरीत. पण या चुका पाहणाऱ्याला शोधतां येतात, भिंगाखालीं धरून दाखवितां येतात. त्या कोणीं परस्पर सुधारून टाकलेल्या नसतात.

ताऱ्यांचें छायाचित्रण ही वेधशाळेंतल्या पंडितांची मिरास आहे असें कोणास वाटत असेल, तर त्यानें एडवर्ड बर्नार्ड याचें चरित्र पाहावें. अमेरिकेंतील नॅशव्हिल गांवीं १८५७ सालीं जन्मलेल्या या मुलाचा बाप त्याच्या जन्मापूर्वींच वारला होता. शाळा त्याच्या वांट्याला आली ती अवघी दोन महिने. नवव्या वर्षाच्या सुमारास आईनें त्यास एका फोटोग्राफरच्या दुकानांत कामाला लाविलें. त्या काळीं फोटो मोठा करण्यास सूर्याचा उजेड लागे, आणि दुकानाच्या छपरावरचें अवजड यंत्र दिवसभर सूर्याकडे वळवीत राहणें हें या पोराचें काम. त्याच्या आधींचीं मुलें या कामावर पेंगत, हा पेंगला नाहीं. त्या दुकानांत त्यानें सतरा वर्षें काढलीं. तेथेंच तो लेन्स, तबकड्या व रसायनें शिकला, आणि रात्रीं स्वतःच्या दुर्बिणीनें धूमकेतु हुडकूं लागला.

पुढें तो कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेंत गेला. तेथें त्या वेळची जगांतील सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण होती; परंतु बर्नार्डनें आपलें नांव केलें तें तिच्यापेक्षां एका जुन्या लेन्सवर. माणसांचे फोटो काढण्याकरितां केलेली ती सहा इंच व्यासाची लेन्स एका स्टुडिओंतून आली होती. तिनें १८८९ पासून त्यानें आकाशगंगेचे असे फोटो घेतले कीं तसे पूर्वीं कोणींच पाहिले नव्हते. घड्याळी यंत्राचा भरंवसा नसे, म्हणून मार्गदर्शक दुर्बिणीच्या तारांच्या फुलीवर एक तारा धरून तो थंडींत तासन् तास बसे. याच तबकड्यांवरून १८९२ सालीं त्यास एक धूमकेतु सांपडला; छायाचित्रावरून लागलेला धूमकेतूचा तो पहिला शोध होय.

बर्नार्डच्या कथेंतील आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र निराळाच आहे. आकाशगंगेंत जे काळे डाग दिसतात तीं ताऱ्यांमधलीं भोंकें आहेत, पलीकडचें रिकामें आकाश त्यांतून दिसतें, असा त्याचाहि प्रथम समज होता. वर्षानुवर्षें फोटो जमत गेले. त्यांत डागांच्या कडा, फाटे व नागमोडी वाटा इतक्या स्पष्ट उमटल्या कीं त्यास आपला समज सोडावा लागला. हीं भोंकें नसून पलीकडच्या ताऱ्यांना झांकणारे धुळीचे मेघ आहेत, हें तो हळूहळू मान्य करीत गेला, आणि १९१९ सालीं त्यानें अशा १८२ काळ्या डागांची यादी प्रसिद्ध केली. ज्यानें फोटो घेतला त्याच्याच मताविरुद्ध त्या फोटोनें साक्ष दिली. फोटो काढणाऱ्याच्या मर्जीप्रमाणें चित्र सुधारून देणारें यंत्र त्याच्या हातीं असतें, तर त्याला बहुधा व्यवस्थित गोल भोंकेंच मिळालीं असतीं!

अशीं उदाहरणें आणखीहि आहेत. दक्षिण आफ्रिकेंत केप येथील वेधशाळेचे डेव्हिड गिल यांनीं १८८२ च्या मोठ्या धूमकेतूचा फोटो घ्यावयाचें ठरविलें, तेव्हां त्यांच्यापाशीं त्यास योग्य कॅमेराच नव्हता. जवळच्या मोब्रे गांवच्या फोटोग्राफरनें आपला कॅमेरा आणला. तो दुर्बिणीच्या पाठीवर बांधला, व दुर्बीण आकाशाबरोबर फिरवीत ठेविली. धूमकेतु तर आलाच, पण त्याच्या मागें इतके तारे उमटले कीं सबंध दक्षिण आकाशाची यादी अशीच करावी असें गिल यांच्या मनानें घेतलें. पुढें त्या यादींत सुमारें साडेचार लाख तारे आले. देवयानींतील तेजोमेघाची भोंवऱ्यासारखी घडण १८८८ सालीं प्रथम तबकडीवर दाखविणारे आयझॅक रॉबर्ट्स हे लिव्हरपूलकडचे घरें बांधणारे कंत्राटदार होते. आपल्या इकडे पाहिलें, तर २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणास पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रोफेसर कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें कॅमेरे घेऊन गेले होते. लिक वेधशाळेची मंडळीहि सात समुद्र ओलांडून त्याच जेऊरास उतरली होती. आज जेऊर स्टेशनावरून आगगाडीनें जाणाऱ्या किती प्रवाशांस ही गोष्ट ठाऊक असेल?

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. कॅमेरा यांत्रिक असावा, आणि त्याच्या शटरच्या चकतीवर 'बी' हें अक्षर असावें. 'बी'वर ठेवून बटन दाबून धरलें म्हणजे झडप उघडी राहते, सोडलें म्हणजे मिटते. झेनिट, पेंटॅक्स के-१०००, यशिका मॅट अशा जुन्या कॅमेऱ्यांस ही सोय आहे. आणि झडप स्प्रिंगवर चालत असल्यामुळें ती तासभर उघडी ठेवली तरी बॅटरी खर्च होत नाहीं. सहलींस नेण्याचे साधे प्लॅस्टिकचे कॅमेरे या कामास निरुपयोगी, कारण त्यांची झडप आपण होऊनच मिटते. त्याखेरीज एक भक्कम तिवई आणि बटनास लावण्याची केबल पाहिजे. लेन्स अनंतावर लावावी. झडप उघडतांना कॅमेरा थरथरतो, म्हणून लेन्सपुढें काळा पुठ्ठा धरावा, झडप उघडावी, पांच अंक मोजावे, आणि मग पुठ्ठा काढावा. एवढें केलें म्हणजे पहिल्या रात्रीपुरतें ज्ञान पुरें झालें.

पृथ्वी फिरते हें वाक्य आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें पाठ केलें आहे. कॅमेरा स्थिर ठेवून झडप उघडी टाकली, कीं तें वाक्य फिल्मवर लिहिलें जातें. तारे चार मिनिटांस एक अंश सरकतात. पन्नास मिलिमीटरच्या नेहमींच्या लेन्सनें दहा सेकंदांपर्यंत ते ठिपक्यांसारखे राहतात. त्यापुढें त्यांच्या रेघा होऊं लागतात, आणि चाळीस मिनिटांत प्रत्येक तारा दहा अंशांची, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढी, रेघ ओढतो. कॅमेरा मृगाकडे केला तर त्याच्या पट्ट्याच्या तीन ताऱ्यांच्या रेघा जवळजवळ सरळ येतात. उत्तरेकडे केला तर रेघा वांकड्या होत होत ध्रुवाभोंवतीं वर्तुळें होतात. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितकेच त्या गांवचे अक्षांश. पुण्याच्या मुलास तो साडेअठरा अंशांवर, नागपूरच्या मुलास एकवीस अंशांवर, तर गोंव्याच्या मुलास साडेपंधरा अंशांवरच सांपडेल. कोन मोजून पाहावा, आणि नंतर भूगोलाच्या पुस्तकाशीं ताडावा; आधीं पुस्तक उघडूं नये.

रंगीत फिल्म असेल तर आणखी एक लाभ होतो. मृगांतील काक्षीची रेघ नारिंगी व राजन्याची निळसर अशी एकाच चित्रांत येते. आपल्या डोळ्यांस अंधारांत रंग नीट कळत नाहींत. फिल्मला ती अडचण नाहीं. उष्ण तारा निळा व त्यामानानें थंड तारा तांबडा, हें वर्गांत सांगून मुलांस खरें वाटत नाहीं, कारण लोहाराच्या भट्टीवाचून दुसरा अनुभव त्यांच्यापाशीं नसतो, आणि भट्टींत तर तांबडें लोखंडच त्यांस फार तापलेलें वाटतें.

फिल्मचा एक खोडसाळ गुण मात्र आधींच सांगितलेला बरा. दुप्पट वेळ उजेड पडूं दिला म्हणजे दुप्पट नोंद होईल, असा हिशेब दिवसा बरोबर ठरतो, रात्रीं चुकतो. उजेड अति मंद असला म्हणजे फिल्म सुस्त होत जाते, आणि दहा मिनिटांत जें मिळालें त्याच्या दुप्पट मिळण्यास वीस मिनिटें पुरत नाहींत. सन १९०० च्या सुमारास कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञानें व्हिएन्ना येथें तबकड्यांवर प्रयोग करून याचा नियम बसविला. कृष्णविवराचें गणित १९१६ सालीं ज्यानें मांडलें तोच हा गृहस्थ! पुढें हौशी मंडळी ही सुस्ती घालविण्याकरितां फिल्म हायड्रोजन-नायट्रोजनच्या मिश्रणांत गरम करून ठेवीत. तो उद्योग घरीं करण्यासारखा नाहीं, आणि आम्ही कोणास सुचवीत नाहीं.

रेघांऐवजीं ठिपके हवे असतील त्यांस सुताराकडे जावें लागेल, दुकानाकडे नव्हे. दोन फळ्या एका बिजागरीनें जोडाव्या, बिजागरीचा कणा ध्रुवाकडे रोखावा, आणि वरच्या फळीवर कॅमेरा बसवावा. बिजागरीच्या कण्यापासून २२९ मिलिमीटरांवर खालच्या फळींतून सहा मिलिमीटर जाडीचा बोल्ट असा घालावा कीं तो फिरविला असतां वरची फळी उचलली जाईल. या बोल्टाचे आटे एकेक मिलिमीटरावर असतात. घड्याळाकडे पाहून त्यास मिनिटाला एक फेरा देत राहिलें, कीं फळी आकाशाबरोबर चालूं लागते, आणि पांचसात मिनिटें उघड्या ठेवलेल्या झडपेंतूनहि तारे ठिपकेच राहतात. जी. वाय. हेग या स्कॉटलंडच्या हौशी गृहस्थानें १९७५ च्या सुमारास ही युक्ति लोकांपुढें मांडली. २२९ हा आंकडा कोठून आला, हें दहावीच्या विद्यार्थ्यांनीं त्रिकोणमितीनें काढावें. आकाशाची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत होते एवढा धागा आम्ही देतों.

आतां पालकांशीं दोन शब्द. आकाशाचा फोटो चांदण्यांत नीट येत नाहीं. त्यास अवस किंवा तिच्या मागचेपुढचे दिवस लागतात. आणि अवस म्हटली कीं आमच्या घरांतून मुलांस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकूं देण्याची तयारी नसते. ज्या आश्विनी अवसेला आपण लक्ष्मीपूजन करतों व अर्धी रात्र दारांत घालवितों, तीहि अवसच ना? (त्या रात्रीं फटाक्यांच्या धुरानें फोटो येत नाहीं, ही गोष्ट निराळी.) अवसेच्या अंधारांत भिण्यासारखें जें खरोखरच आहे तें म्हणजे विंचूकाटा, उघडी विहीर आणि एकटेपणा. त्यांवर उपाय आहेत. पायांत बूट असावे, जागा दिवसा पाहून ठेवावी, टोळींत जावें, आणि बरोबर एक वडील माणूस असावें. हातांतल्या विजेरीस तांबडा कागद गुंडाळावा, म्हणजे वाटहि दिसते व अंधाराला सरावलेले डोळेहि बिघडत नाहींत. मुलीला घरीं ठेवून मुलालाच तेवढें पाठविण्याची रीत या कामीं तरी आम्हांस मान्य नाहीं. एका घरांत भाऊ तिवई घेऊन टेकडीवर आणि बहीण खिडकींतून पाहते आहे, असा प्रकार आमच्या पाहण्यांत आहे, आणि नक्षत्रांचीं नांवें तिलाच अधिक येत होतीं.

खर्चाची तक्रार खरी आहे. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कारखान्यांत 'इंदू' नांवाची फिल्म होत असे. तो कारखाना बंद पडला. आज फिल्म बहुतेक परदेशांतून येते व तिची किंमत साधारण घरास जड वाटावी अशी आहे. म्हणून आमची सूचना अशी, कीं सहा जणांनीं मिळून छत्तीस चित्रांचा एक रोल घ्यावा. प्रत्येकाच्या वांट्याला सहा चित्रें येतात. सहाच चित्रें हातीं आहेत म्हटल्यावर मुलगा झडप उघडण्यापूर्वीं विचार करतो, ढग येतो कीं काय हें पाहतो, झाडाची फांदी आड येते का हें तपासतो, आणि वहींत लिहितो. वही ही हवीच. चित्राचा क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, लेन्सचें छिद्र, झडप किती वेळ उघडी होती, हवा कशी होती, हें त्याच वेळीं, तेथल्या तेथें लिहावें. फोन हें सारें आपण होऊन लिहून ठेवतो, आणि म्हणूनच तें कोणी वाचीत नाहीं.

याहूनहि मोठी अडचण पैशाची नसून उजेडाची आहे. शहरांत झडप पांच मिनिटें उघडी ठेवली कीं वेगवान फिल्म धुरकट होते. तारे त्या धुरकटपणांत बुडून जातात. सन २०११ ते २०२२ या काळांत जगांतील हजारों सामान्य लोकांनीं आपणांस दिसणारे तारे मोजून कळविले. या नोंदी मुख्यतः युरोप व उत्तर अमेरिकेंतील. त्यांवरून आकाशाचा उजळपणा दर वर्षीं शेंकडा दहाच्या जवळपास वाढत आहे असें निघालें. या मानानें ज्या गांवीं मूल जन्मतांना अडीचशें तारे दिसत होते, तेथें तें अठरा वर्षांचें होईतों शंभरच राहतात. आमच्याकडचें मोजमाप कोणीं केलें आहे? पालकांपैकीं पुष्कळांनीं १९९७ च्या वसंतांत संध्याकाळीं वायव्येस हेल-बॉप धूमकेतु गांवांतल्या अंगणांतून नुसत्या डोळ्यांनीं पाहिला असेल. त्याच अंगणांत आज उभें राहून तो तसाच दिसला असता काय, याचें उत्तर त्यांनींच द्यावें.

येथेंच आम्हांस फिल्मचें खरें काम दिसतें. शाळेच्या गच्चीवरून, दर वर्षीं मार्गशीर्षाच्या अवसेस, एकाच कॅमेऱ्यानें, एकाच प्रकारच्या फिल्मवर, तितकाच वेळ झडप उघडी ठेवून मृगाचा एक फोटो घ्यावा, व निगेटिव्ह वहीसह शाळेच्या ग्रंथालयांत ठेवावी. दहा वर्षांनीं त्या दहा निगेटिव्ह खिडकीशीं एका ओळींत धराव्या. आकाश किती उजळलें हें समजण्यास मग तज्ज्ञाची गरज पडणार नाहीं, आणि त्या चित्रांस कोणत्याहि यंत्रानें परस्पर काळें करून सुंदर केलेलें नसेल. अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेनें अशाच पांच लाखांहून अधिक कांचेच्या तबकड्या जपून ठेवल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वींच्या रात्रीं एखादा तारा किती तेजस्वी होता हें विद्वान आजहि त्यांवरून पाहतात. शाळेची पेटी तेवढी मोठी होणार नाहीं. एक चिंता मात्र आहे: फिल्मचे प्रकार बाजारांतून नाहींसे होतात. एका जपानी कंपनीची आक्रॉस ही फिल्म २०१८ सालीं बंद झाली, आणि पुढल्याच वर्षीं नव्या रूपांत परत आली. तेव्हां प्रकार बदलावा लागला, तर त्या वर्षीं जुन्या व नव्या अशा दोन्ही फिल्मवर चित्र घेऊन वहींत तसें लिहावें.

उजेड कमी करतां येतो, हें आतां सिद्ध झालें आहे. लडाखमधील हान्ले येथील प्रदेश २०२२ सालीं अंधाऱ्या आकाशाचें राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आमच्या महाराष्ट्रांतील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें अंधाऱ्या आकाशाचें उद्यान म्हणून मान्यता मिळाली. भारतांत असा मान मिळविणारें तें पहिलेंच उद्यान. तेथें गांवें ओस पाडलीं नाहींत कीं दिवे काढून टाकले नाहींत; रस्त्यावरच्या दिव्यांचीं तोंडें खालीं वळविलीं. जो दिवा आकाशाकडे उजेड फेंकतो तो चालणाऱ्याच्या कांहींच उपयोगाचा नाहीं, आणि त्याचें बिल मात्र जमिनीवरच्या माणसासच भरावें लागतें! आमच्या शाळेच्या पटांगणावरचे दोन मोठे दिवे रात्रभर वर तोंड करून जळतात. त्यांस पत्र्याचें झांकण बसविण्यास किती खर्च येईल, याचा अंदाज चालकांनीं या वर्षीं मागवावा अशी आमची त्यांस विनंति आहे. ज्या पालकांच्या घरांच्या गच्चीवर असेच दिवे आहेत त्यांनीं आमच्या चालकांची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट राहिली. रोल धुण्यास दिला म्हणजे दुकानदाराच्या डोळ्यांस ताऱ्यांची निगेटिव्ह कोरीच वाटते. 'रोल फुकट गेला' असें सांगून कित्येकदां तो प्रिंट करीत नाहीं. आणि दोन चित्रांमधली कड न दिसल्यामुळें निगेटिव्ह कापतांना कात्री नेमकी मृगाच्या मधून जाते. यास जुन्या हौशी लोकांचा उपाय असा, कीं रोलमधलें पहिलें चित्र दिवसा घ्यावें, म्हणजे चित्राची चौकट कोठून सुरू होते हें कापणाऱ्यास कळतें. आणि पाकिटावर 'तारे आहेत, सर्व प्रिंट करावे, कापूं नये' असें ठळक लिहावें. हें पहिलें चित्र त्या सहा जणांच्या टोळीचेंच, संध्याकाळीं निघतांना, तिवईसकट घेतलें तर रोल कोणाचा हें निराळें लिहून ठेवावें लागत नाहीं.